आधी 'कधी?' विचारा, 'का?' नंतर

दुपारचे दोन वाजले होते. हे जेवून दुकानावर गेलेले, लेक बारावीच्या क्लासला, आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते. ती मागच्या दाराने आली. पुढचं दार सताड उघडं असताना जे माणूस मागच्या दाराने येतं, ते काहीतरी पोटात घेऊन आलेलं असतं, हे एवढ्या वर्षांत मला कळायला लागलंय.

तिला आपण मृणाल म्हणू. वय तेवीस. पुण्याला नोकरी, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. तिची आई आमच्या भिशीतली. मृणालने चपला काढल्या, माझ्यासमोर बसली, दोन शेंगा उचलून सोलल्या आणि खाली मान घालूनच म्हणाली, "काकू, मला एड्स झालाय."

माझ्या तोंडून एकच शब्द गेला, "कधी?"

तिला कळलंच नाही. "म्हणजे?"

"जे झालं ते कधी झालं? वार सांग. वेळ सांग."

"शनिवारी... रात्री अकरा-साडेअकरा."

तो सोमवार होता. मी बोटांवर तास मोजले. अडतीस-एकोणचाळीस. म्हटलं, "ऊठ, तोंड धू. सव्वादोनची एसटी मिळाली तर चारच्या आत जिल्ह्याला पोहोचतो." शेंगांची परात तशीच ठेवून मी साडी बदलली.

मैत्रिणींनो, मी काही डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, घर सांभाळून बचत गट आणि महिलांच्या समुपदेशनाचं काम करणारी तुमच्यासारखीच एक बाई आहे. पण हा 'कधी?' मी फार महागात शिकलेय. तो कसा शिकले हे सांगितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

२०१० सालची गोष्ट. माझ्या माहेरच्या गावचा एक मुलगा मुंबईत नोकरीला होता. लग्न ठरलं होतं, आठ दिवसांवर आलं होतं. पत्रिका द्यायच्या निमित्ताने आमच्याकडे आला आणि चहा होऊनही उठेना. शेवटी अडखळत बोलला. दोन महिन्यांपूर्वी मित्रांबरोबर 'तसल्या' ठिकाणी गेला होता. तीनेक आठवड्यांनी खाली एक फोड आला. दुखत नव्हता, म्हणून डॉक्टरकडे गेला नाही. कुलदैवताला नवस बोलला. थोड्या दिवसांनी फोड आपोआप बरा झाला, तसा हा नवस फेडूनही आला. तरी मनातली पाल चुकचुकत होती, म्हणून माझ्याकडे आला होता.

आणि मी काय केलं? विचारलं, "का? का गेलास? घरी आईबाप, तोंडावर लग्न, तुला शोभतं का हे?" अर्धा तास मी बोलत होते, संस्कार, आईचे कष्ट, येणाऱ्या मुलीचा विश्वास. सगळं खरंच होतं. त्याने ऐकून घेतलं, डोळे पुसले, वाकून नमस्कार केला, पुन्हा असं होणार नाही म्हणाला आणि गेला. मला वाटलं, पोरगं सुधारलं. केवढं समाधान वाटलं होतं मला त्या दिवशी!

लग्न झालं. त्याच्या बायकोला दिवस गेले. पहिली तपासणी व्हायला सहावा महिना उजाडला, कारण ती माहेरी आल्यावरच कोणीतरी तिला दवाखान्यात नेलं. तिथे गरोदरपणात करतात त्या रक्ताच्या चाचण्या झाल्या आणि 'गरमी' म्हणजे सिफिलिस निघाला. पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, पण बाळ आठव्या महिन्यातच झालं. वजन जेमतेम. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होतं. मी भेटायला गेले तेव्हा ती मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मला एवढंच म्हणाली, "मी काय केलं होतं?" आणि तो बाहेर व्हरांड्यात उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, मी तुमच्याकडे आलो होतो."

ते पोरगं वाचलं. आता शाळेत जातं, क्रिकेट खेळतं. पण ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही.

त्या दिवशी मी 'का?' ऐवजी 'कधी?' विचारलं असतं, तर दोन महिने झालेत हे ऐकून त्याला दवाखान्यात पाठवता आलं असतं. एक साधी रक्ताची चाचणी आणि त्या टप्प्यावर बहुतेक वेळा पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन पुरलं असतं. लग्न चार आठवडे पुढे ढकललं असतं, सुतक आलं म्हणून सांगितलं असतं, काहीही सांगितलं असतं. गरमीचा फोड दुखत नाही आणि औषध न घेताही भरून येतो, आजार मात्र रक्तात राहतो, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. त्याला वाटलं देवाने माफ केलं. मलाही तसंच वाटलं, फक्त मी त्याला 'पश्चात्ताप' म्हणत होते.

असो. तर आम्ही एसटीत बसलो. मृणाल खिडकीकडे तोंड करून हळूहळू बोलत होती. ऑफिसमधल्या मैत्रिणीचं लग्न होतं, शहराबाहेर एका रिसॉर्टवर. तिथे ओळख झालेला एक मुलगा. तोही पाहुणा म्हणून आलेला. 'तसं काही मनात नव्हतं, पण झालं.' कंडोम वापरला नव्हता. रविवारी सकाळी तिने मेडिकलमधून जाहिरातीत असते ती गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी आणून घेतली आणि प्रश्न मिटला असं समजून झोपली. रात्री जाग आली आणि मोबाइलवर शोधत बसली. पहाटेपर्यंत तिला जगातले सगळे आजार झाले होते. सकाळी ऑफिसला न जाता पहिल्या गाडीने घरी आली. आईला सांगितलं, ताप आहे. घरात आपलं ताट-वाटी वेगळी ठेवली, टॉवेल वेगळा, आईने कपाळाला हात लावला तर मागे सरकली. एचआयव्ही ताटातून, टॉवेलातून, मिठीतून, एका संडासातून पसरत नाही, हे शाळेत शिकलेली मुलगी होती ती. पण भीतीपुढे शाळा टिकत नाही.

मी तिला एकच प्रश्न आणखी विचारला. "तुझ्या मर्जीने झालं ना? कोणी काही पाजलं, बळजबरी केली, असं काही नाही ना?" हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण तसं असेल तर रस्ता वेगळा असतो. पोलीस, वैद्यकीय तपासणी, पुरावा, सगळंच. तिने मान हलवून नाही म्हटलं. मग बराच वेळ गप्प राहिली. घाट चढल्यावर म्हणाली, "तसं झालं असतं तर आईला सांगता आलं असतं, काकू."

बघा हं. आपल्या मुलीला वाटतं, की आपल्यावर बलात्कार झाला असता तर आईच्या कुशीत शिरता आलं असतं, पण आपण चुकलो असू तर नाही. औषधाचाही जणू आपल्याला हक्क नाही. ही भाषा ती कुठून शिकली? आपल्याच घरात, आपल्याच हळदीकुंकवाच्या गप्पांत. अमकीची मुलगी तमक्याबरोबर दिसली, असं आपण बोलत असतो तेव्हा शेजारच्या खोलीत आपल्या मुली अभ्यास करत असतात ना!

दवाखान्यात पहिली खिडकी केसपेपरची. तिथल्या बाईंनी मोठ्यांदा विचारलं, "काय होतंय?" मागे वीस माणसांची रांग. मी म्हटलं, "लेडीज डॉक्टरांना दाखवायचंय." "लग्न झालंय का?" मृणालचा चेहरा पांढरा पडला. मला राग आला होता, पण भांडत बसण्याची ती वेळ नव्हती. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. मी तिला थेट एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात घेऊन गेले. लोक त्याला आयसीटीसी म्हणतात. आपल्याकडे जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात ते असतं. तिथल्या समुपदेशक ताई तिशीतल्या असतील. त्यांनी दार लावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि पहिला प्रश्न विचारला, "कधी झालं?"

मला तर त्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

आता हे घड्याळ काय आहे ते सांगते, कारण ते प्रत्येकीला माहीत हवं. एचआयव्हीचा संसर्ग झाला असण्याची शक्यता असेल, तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करता येतं. त्याला 'पेप' म्हणतात. जितकं लवकर तितकं चांगलं. ७२ तास उलटले की त्याचा उपयोग धरत नाहीत. २८ दिवस रोज न चुकता घ्यायचं. दवाखान्यात काम करताना सुई टोचलेल्या नर्सेस, बळजबरी झालेल्या स्त्रिया यांना ते देतातच. इतरांच्या बाबतीत काय घडलं ते नीट विचारून डॉक्टर ठरवतात, आणि देण्यासारखं असेल तर लिहून देतात. म्हणून डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही. मृणालला त्यांनी दिलं. त्याआधी तिचं रक्त घेतलं. एचआयव्ही, गरमी, कावीळ ब, सगळ्याची चाचणी, म्हणजे आजच्या घडीला ती कुठे उभी आहे ते कळावं.

आणि तिने रविवारी घेतलेली ती गोळी? ती गर्भ राहण्याविरुद्ध. आजाराशी तिचा काडीचाही संबंध नाही. हे किती मुलींना माहीत नाही, याची मला धडकी भरते. गोळी घेतली म्हणजे सगळंच धुऊन निघालं, अशी समजूत आहे. दोन्हींपासून वाचवणारी गोष्ट एकच, कंडोम; तोही फोड किंवा चामखीळ त्याने न झाकलेल्या जागी असेल तर पुरता पडत नाही.

दुसरी घाई चाचणीची. दुसऱ्याच दिवशी जाऊन चाचणी करायची, 'काही नाही' असा रिपोर्ट घ्यायचा आणि पेढे वाटायचे! आजार रक्तात दिसायला वेळ लागतो. त्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. एचआयव्हीचं बोलायचं तर प्रयोगशाळेतली नवी चाचणी बहुतेक वेळा सहा-सात आठवड्यांत सांगते, बोटाला टोचून करतात ती झटपट चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची. पेप घेतलं असेल तर डॉक्टर देतील त्याच तारखा पाळायच्या. गरमीचा फोड दहा दिवसांपासून नव्वद दिवसांपर्यंत केव्हाही उठू शकतो. परमा, म्हणजे गनोरिया, पुरुषांना आठवड्याभरात जळजळ आणि पू यातून कळतो. बाईला बऱ्याचदा काहीच कळत नाही. क्लॅमिडियाचंही तसंच. आजार आत राहतो, गर्भाशयाकडे, नळ्यांकडे सरकतो, आणि पुढे मूल होत नाही म्हणून जी सून टोमणे खाते, तिच्या नळ्या बंद होण्यामागे कधीकधी हेच असतं.

काही मुलं तर आणखी भलतंच करतात. गणेशोत्सवात मंडळाचं रक्तदान शिबिर असतं, तिथे जाऊन रक्त देतात, म्हणजे फुकटात तपासणी होईल आणि कोणी विचारणारही नाही. रक्तपेढीत एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गरमी आणि मलेरिया या चाचण्या होतात हे खरं. पण तोच विंडो पिरियड चालू असेल तर आजार त्या चाचणीत सुटू शकतो आणि ते रक्त एखाद्या बाळंतिणीला चढू शकतं. तुमच्या घरातला मुलगा मंडळात असेल तर त्याला हे एकदा सांगा. 'आपल्या मुलाचा काय संबंध' असं म्हणू नका. संबंध नसला तर मित्राला सांगेल.

भीती किती बाळगायची, हेही त्या ताईंनी सांगितलं आणि मलाही ते नवीन होतं. एचआयव्ही असलेल्या पुरुषाशी, काही काळजी न घेता, एकदा संबंध आला तर बाईला लागण होण्याची शक्यता सरासरीने हजारात एकाहूनही कमी असते. इथे तर त्या मुलाला काही आहे की नाही हेच माहीत नव्हतं. मृणाल पहिल्यांदा रडली ती हे ऐकून. मात्र त्याच दमात ताईंनी बजावलं की परमा आणि क्लॅमिडिया यांची शक्यता याहून कितीतरी जास्त, आणि लोक एचआयव्हीच्या भीतीत नेमकं तेच तपासायचं विसरतात. शिवाय समोरच्याला फोड असेल तर हजाराचा हिशोब बदलतो. आणि समजा एचआयव्ही निघालाच, तरी आता ते मरणाचं पत्र नाही. २००४ पासून सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात. रोजची गोळी नीट घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला तर तो संबंधातून दुसऱ्याला जात नाही. परमा, गरमी, क्लॅमिडिया तर औषधाने पूर्ण बरे होतात. फक्त जोडीदारालाही औषध द्यावं लागतं. एकट्या बायकोने गोळ्या खायच्या आणि नवऱ्याने 'मला काय झालंय' म्हणायचं, याचा अर्थ पुढच्या महिन्यात पुन्हा दवाखाना.

बसस्टँडच्या मुतारीवर चिकटवलेले ते 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' वाले कागद पाहिलेत ना? ते याच भीतीवर जगतात. त्यांच्याबद्दल यापेक्षा जास्त जागा खर्च करत नाही. मेडिकलवाल्याला सांगून दोन गोळ्या आणणं हेही त्यातलंच. अर्धवट औषधाने परमा दबतो, जात नाही, आणि पुढे खऱ्या औषधालाही दाद देईनासा होतो.

आता तुम्ही म्हणाल, मृणाल पुण्याची, शिकलेली, रिसॉर्टवर गेलेली. आमचा काय संबंध? आम्ही तर घर सोडून कुठे जात नाही. मैत्रिणींनो, खरा संबंध आपलाच आहे. आपण कुठे जात नाही, पण घरात येणारं माणूस कुठून कुठून येतं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं होतं. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, एक ना एक काहीतरी होतंच. आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बायका किती? १०० त ८. सगळ्याच जणींना हा आजार नवऱ्याकडून आला होता असं मी म्हणत नाही, त्यात इतरही बरीच दुखणी होती. पण अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, लघवीला जळजळ, हे बाईच्या जन्माला लागलेलंच असतं, असं समजून चालणाऱ्या त्या ९२ जणी आणि आमच्या बचत गटातल्या बायका यांत मला फारसा फरक दिसत नाही. विचारलं की म्हणतात, "उष्णतेचं आहे, सब्जा खाते."

खरं सांगू? या बाबतीत ज्यांना आपण गावाबाहेर ठेवलं त्या बायका आपल्यापेक्षा शहाण्या निघाल्या. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेबरोबर वेश्यावस्तीतल्या बायकांनी स्वतः कंडोम वाटले, गिऱ्हाइकाला 'वापरणार नसशील तर चालता हो' म्हणायला एकमेकींना शिकवलं आणि पुढे १९९६ मध्ये आपली संघटनाही उभी केली. लग्नाच्या बाईला मात्र नवऱ्याला 'तू तपासून घे' म्हणायची सोय नाही. म्हटलं तर तिच्यावरच संशय! र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिकातून याच विषयावर लिहीत राहिले, कोर्टाच्या पायऱ्या चढले. आणि मी हा लेख लिहायला घेतला तर घरच्यांचा पहिला प्रश्न, "नाव छापणार का ग ते?"

"असं सांगत सुटलात तर पोरींना मोकळं रानच मिळेल," असं आमच्या मंडळातल्या एक ज्येष्ठ बाई मला म्हणाल्या. त्यांचा राग मला कळतो. माझीही मुलगी आहे. पुढच्या वर्षी ती शिकायला बाहेर जाईल. मृणालने जे केलं ते मला पटलं का? नाही पटलं. ओळखदेख नसलेल्या माणसाबरोबर अशी जवळीक मला अजूनही चुकीचीच वाटते, आणि मी ते तिला नंतर, औषधाचा कोर्स संपल्यावर, स्पष्ट सांगितलं. तिने ऐकून घेतलं, थोडं उलट बोललीही. ते सगळं झालं. पण ते २८ दिवसांनंतर झालं. भीतीने मुली थांबतात असं मला आता वाटत नाही. भीतीने त्या फक्त दवाखान्यात जायच्या थांबतात.

छोट्या गावात आणखी एक अडचण, ती काही खोटी नाही. लॅबमध्ये रक्त घेणारा शेजारणीचा दीर असतो, औषधाच्या खिडकीवर वर्गमैत्रीण. म्हणून मी सांगते, लाज वाटत असेल तर दुसऱ्या तालुक्याला जा, दुसऱ्या जिल्ह्याला जा, पण जा. २०१७ साली एचआयव्हीबाबत कायदा झाला, २०१८ च्या सप्टेंबरपासून तो लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि रिपोर्टची गुप्तता राखणं दवाखान्याला बंधनकारक आहे. १०९७ या नंबरवर फोन केला तर पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावं लागत नाही. सरकारी दवाखान्यांत लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे औषधं मोफत मिळतात. एक मात्र ध्यानात ठेवा, मुलगी अठराच्या आतली असेल तर कायद्याने डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. तरीही उपचार आधी. त्यासाठी थांबायचं नाही.

मृणालने गोळ्या घेतल्या. रोज रात्री नऊचा गजर. पहिले काही दिवस मळमळ, डोकं जड. पुण्याला परत गेली होती, मैत्रिणींना 'व्हिटॅमिन आहे' म्हणून सांगितलं. मला रोज सव्वानऊला फक्त एक टिक यायची मोबाइलवर. ज्या दिवशी साडेनऊ होत, त्या दिवशी माझाच जीव खालीवर. हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचायला दिला. कुठल्या गोष्टी बदलायच्या ते तिनेच सांगितलं, त्यामुळे कोण, कुठली असा शोध घेऊ नका, सापडणार नाही.

त्या तीन महिन्यांत मला सर्वांत जड गेलं ते दवाखान्यात जाणं नव्हे. दर महिन्याला भिशीत तिच्या आईशेजारी बसणं. ती आपली कौतुकाने सांगायची, मृणालचं प्रमोशन होणार, मृणालसाठी अमुक स्थळ आलंय, आणि मी चहाचा कप तोंडाला लावून बसायचे. सांगावं का? आई आहे ती. तिचा हक्क नाही का? पण तेवीस वर्षांच्या मुलीने दिलेला शब्द मोडायचा हक्क मला नव्हता. मैत्रिणीशी मी खोटं वागले, असं आजही मला वाटतं. आणि पुन्हा वेळ आली तर तशीच वागेन.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आली. बायका पांगल्यावर मागे राहिली. वाण म्हणून दिलेला डबा हातात फिरवत होती. म्हणाली, "मध्ये तू मृणालला घेऊन एसटीत चढताना आमच्या जाऊबाईंनी पाहिलं. कुठे गेला होतात ग?"

मी म्हटलं, "तिला बरं नव्हतं. दवाखान्यात नेलं होतं."

"मला नाही सांगितलं."

"ती सांगेल तुला. तिला जमेल तेव्हा."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाहेर तिचे मिस्टर स्कूटरचा हॉर्न वाजवत होते. मला वाटलं, आता विचारणार, काय झालं होतं, का झालं होतं. तिने डबा पिशवीत टाकला, पदर सारखा केला.

"आता बरी आहे ना?"

"दीड महिन्याची तपासणी चांगली आली. एक फेब्रुवारीत आहे."

"किती तारखेला?"

मी तारीख सांगितली. तिने भिंतीवरच्या माझ्याच कॅलेंडरचं पान उलटून ती पाहिली, बोट ठेवलं. म्हणाली, "गुरुवार येतोय. माझा उपास असतो, पण मी येईन," आणि स्कूटरकडे गेली.